निव्वळ वजन

सहा हजार चारशे. वर पार्सलचे तीनशे दहा.
भुसावळच्या गोदामातून सावद्यापर्यंत
केळीच्या रिकाम्या पिकअपमध्ये आली,
खाली वाळक्या पानांचा बिछाना,
म्हणून एकही ओरखडा नाही.

मूळ गिटार जिथे बनते
तिथे ती दीड-दोन लाखांची.
हिचा आकार तोच, तीच दोन शिंगं,
तोच जळक्या साखरेचा रंग, कडेला काळा होत गेलेला.
फक्त माथ्यावरच्या नावात एक अक्षर जास्त,
यात्रेतल्या चपलेवर असतं तसं.

प्रमिला म्हणाली, "हे कायले आनलं बाप्पा?
सेहेचाळीसचे झाले तुम्ही."
मी म्हटलं, बघू.

मी वजनकाट्यावर बसतो. साठ टनांचा काटा.
ट्रक रिकामा येतो, भरून येतो,
मधला फरक तो माल.
रात्री दोन ट्रकांच्या मधे वाजवायला घेतली
तर पट्ट्यांची टोकं बोटं कापायची,
सूर लावून मान वळवली
की खुंट्या हळूच मागे सरकायच्या,
उधारीवाल्यासारख्या.
आवाज असा,
की पत्र्याच्या डब्यात कोणी कंटाळून बोलतंय.

परत पाठवायची मुदत सात दिवस.
आठव्या दिवशी मी पेचकस हातात घेतला.

विसपुते सोनाराने बारीक कानस लावली
बावीस पट्ट्यांच्या चव्वेचाळीस टोकांना,
प्रत्येकावर अंगठा फिरवून,
नथ नाकाला टोचू नये तशी.
पैसे विचारले तर म्हणाला,
हे काय सोनं आहे? चहा सांगा.

तारा टेकतात तिथला प्लास्टिकचा तुकडा काढला.
तिथे हाड लागतं. फैजपूरच्या खाटकाकडून आणलं.
उकळायला प्रमिलाने एक पातेलं दिलं
आणि परत घेतलं नाही.

रज्जाकभाई पिंजारी पाण्यातल्या मोटारी भरतो.
त्याच्यापुढे मी गिटारचं काळीज ठेवलं, आगपेटीएवढं.
"एवढी बारीक तार? हे तर केसाचं पिल्लू."
चष्म्यावर चष्मा चढवला.
आठ हजार वेढे.
मोजणीचा काटा साडेसात हजारांवर अडकला,
पुढचे त्याने तोंडाने मोजले.
मधे कोणी जळकी मोटार घेऊन आलं,
त्याला डोळ्यांनीच थांब म्हटलं.
मग मेणबत्त्या वितळवून त्यात बुडवलं
आणि पहिल्यांदा श्वास सोडला.

"माझा आजा एका तातेवर कापूस पिंजायचा.
गल्लीत शिरायच्या आधी आवाज यायचा त्याचा.
तात ढिली पडली तर त्याला कानाने कळायचं,
कापूस नंतर सांगायचा.
तुमच्या तर सहा आहेत.
कापूस कुठाय?"

मला उत्तर सुचलं नाही, अजूनही नाही.

माथ्यावरचं नाव मी पात्याने खरवडलं.
खाली फिकट लाकूड निघालं, कुठल्या झाडाचं कोण जाणे.
त्यावर दुसरं काही लिहिलं नाही.
वरखर्च चार हजार नऊशे.
यात चहा धरलेला नाही, आणि पातेलंही.

एका रात्री तिला काट्यावर नेऊन ठेवली.
आकडा हलला नाही.
दहा किलोच्या खालचं आमच्या काट्याला काही कळत नाही.
तिला घेऊन उभा राहिलो: ऐंशी.
तिला खाली ठेवून उभा राहिलो: ऐंशी.

दिल्लीच्या गाडीवाल्याने केबिनमधून वाकून विचारलं,
"असली है?"
त्याच्या गाडीचं इंजिन तिसऱ्याचं,
बॉडी मलकापुरात बांधलेली,
दारावर देव दोन धर्मांचे.
मी पावती फाडून दिली.

परवा रज्जाकभाई आला, काम संपवून, हात न धुता.
बसला नाही.
सर्वात जाड तार नखाने एकदाच छेडली
आणि ती विझेपर्यंत मान खाली घालून उभा राहिला.
विझायला बराच वेळ लागला.
बाहेर एका ट्रकने हॉर्न दिला,
आम्ही दोघंही हललो नाही.

मग म्हणाला,
"दोनशे वेढे कमी पाहिजे होते.
उघडा. मी तार आणलीये."