पाच वाजून दहा मिनिटं

आमच्या दूध संकलन केंद्राचं यंत्र
एप्रिलपासून साडेपाच तास मागे जगत होतं
आणि कोणाला पत्ता नव्हता.

सिंधूबाई अवथळे पावती घेऊन आली.
"एक तारखीचं दूध कुठं गेलं वो पोरी?
साडेचार लिटर होतं.
आदल्या दिवशी चतुर्थी, चंद्र पाहून जेवली मी,
म्हणून पक्कं आठोते."
डिसेंबरच्या कागदावर पहिली सकाळ कोरी.
नोव्हेंबरचा हिशेब तिसाच्या संध्याकाळीच मिटलेला.
मधल्यामध्ये एक किटली सांडली होती.

मी काळी खिडकी उघडली.
तिच्यात चित्रं नाहीत, बटणं नाहीत,
एक ठिपका लुकलुकतो, म्हणतो, बोल.
लिहिलं: डेट. उणे डी. ॲट.
त्याला चिकटून नोंदीतला आकडा,
एकशे सत्तर कोटी तेरा लाख सत्त्याऐंशी हजार सहाशे.
वार नाही, तिथी नाही, नुसते सेकंद,
एका गुरुवारपासून मोजत आणलेले.
खळ्यावर पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत,
लाभ म्हणतात.
यंत्र पहिल्याला शून्य म्हणतं.

उत्तर आलं:
तीस नोव्हेंबर, रात्रीचे अकरा चाळीस.

"रात्री अकराले कोन धार काढते माय?"

तेव्हा डोक्यात उजेड पडला.
यंत्राचं घड्याळ विलायतेचं.
तिथली रात्र आणि आमची पहाट यांच्यात
साडेपाच तासांचा नाला, त्यावर पूल कोणी बांधलाच नव्हता.
साडेपाचच्या आत जे दूध येतं
ते कालच्या तारखेत पडतं.
आणि साडेपाचच्या आत येणारी अख्ख्या गावात ही एकटी.
गाय गवळाऊ, चंद्री.
पान्हा पहाटेच सोडते, नंतर लाथ.

मे ते डिसेंबर, आठ पहिल्या तारखा.
एकाच ओळीत आठही विचारल्या,
आठ वेळा यंत्र म्हणालं, काल. काल. काल.
कधी चार, कधी साडेचार,
एकूण चौतीस लिटर.

मग वेळेचा पट्टा सांगितला:
आशिया, तिरपी रेघ, कोलकाता.
"कलकत्त्याले काऊन इचारते?
आर्वीले इचार ना, जवळ हाय."
आर्वीचं नाव त्या यादीत नाही, मी म्हणाले.
पुन्हा तोच आकडा, तीच कळ.
एक डिसेंबर, शुक्रवार, पाच वाजून दहा मिनिटं.
तिनं मान हलवली,
जशी हरवलेलं वासरू ओळखताना हलवते.

"तो गुरुवार कोन्ता?"
सत्तर सालचा. एक जानेवारी.
"माहं लगन त्याच्या आधीचं हाय.
बैशाखातली पोर्णिमा, तिच्या दुसऱ्या दिवशी."
पोर्णिमा यंत्राला कळत नाही.
गुरवाच्या घरच्या जुन्या पंचांगातून
तेरा मे, अडुसष्ट शोधून आणली, टाकली.
उणे पाच कोटी सोळा लाख सत्त्याऐंशी हजार.
"उणे? म्हंजे माह्याकडंच देनं निंघालं!"
पदर तोंडाशी धरून ती इतकी हसली
की फॅट मोजणारा मारोती आत डोकावून गेला.

तिला सांगितलं नाही, पण घरी जाताना मनात येत राहिलं:
ते शून्य विलायतेत मध्यरात्री पडलं,
आमच्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच.
थंडीचे दिवस. गोठ्यात कंदील.
तेव्हाही कोणी सिंधू, अठराएक वर्षांची,
कोणा चंद्रीच्या पणजीखाली उकिडवी बसली असेल.
बादली अर्धी भरलेली.
तिच्या बोटांमधून एक धार उणेमध्ये सुटली
आणि बादलीत पोचेपर्यंत
सगळ्या जगाची मोजणी सुरू झाली.
तिनं हात थांबवला नसेल.

चौतीस लिटरचे पैसे तिच्या खात्यात गेले.
अजून ती पाच वाजून दहा मिनिटांनीच येते.
किटली काट्यावर ठेवते, माझ्याकडं बघते, विचारते,
"आज का काल?"
आज, मी म्हणते.
मारोती झाकण उघडतो.