जिने किती?

कोविल्यांच्या पेट्रोल पंपामागे आधी एक माणूस भेटला होता.
गाडीची डिकी, डिकीत खोका, खोक्यात पिल्लू.
याची आई कुठंय, मी विचारलं.
गावी, म्हणाला.
कुठलं गाव, ते त्याला पटकन आठवेना.
बाबांनी पाकीट काढलं होतं, मी त्यांचं मनगट धरलं.
पिल्लाने माझी करंगळी चाटली होती.
घरी पोचेपर्यंत ती करंगळी
मी कशालाच लावली नाही.

रविवारी डोंगरावर गेलो, अदोझिंदाबाईंकडे.
आम्ही कुत्रा बघायला गेलो होतो खरे,
पण बघण्याचा कार्यक्रम आमचाच झाला.
आधी हिला भेटा, म्हणाल्या,
आणि चेस्टनटच्या पाचोळ्यात पसरलेली आई दाखवली,
ओघळलेल्या आचळांची, शांत, कंटाळलेली.
खाण बघावी, मग मातीला हात लावावा.
खुब्यांचे एक्स-रे उन्हाला धरून दाखवले,
लसींची वही दाखवली, आजोबा-कुत्र्याचा फोटोही.
मग खुर्ची ओढून समोर बसल्या.

दिवसभर घरी कोण?
मी, बाबा म्हणाले.
वय?
चौऱ्याहत्तर.
मजला कितवा?
तिसरा.
लिफ्ट?
नाही.
जिने किती?
बावन्न पायऱ्या, बाबा म्हणाले,
क्षणाचाही विचार न करता,
आणि मला कळलं, त्या कधी मोजल्या असणार.
आईला शेवटी शेवटी ते उचलून न्यायचे.

हा दोन वर्षांत तुमच्याएवढा भरेल, बेल्मीरू,
त्याचे पाय गेले तर त्याला कोण उचलणार?
आणि तुमच्यानंतर कोण?
मी बुटांकडे बघत राहिले.
लियाँला माझं घर म्हणजे दीड खोली.

नाही देणार, म्हणाल्या. सरळ. रागाने नाही.
निघताना मेंढीच्या दुधाचं चीज बांधून दिलं,
पैसे घेतले नाहीत,
आणि फुंदांवच्या निवाऱ्याचा नंबर पावतीच्या मागे लिहिला.
परतीच्या घाटात बाबा एकदाच बोलले:
बाई बरोबर बोलली. वाईट बोलली, पण बरोबर.

निवाऱ्यात फिनेलचा वास आणि नुसता कल्लोळ.
बाबा पिंजऱ्यांपुढून भरभर चालले,
उधारी असलेल्या दुकानापुढून चालावं तसे.
एकीने मानही उचलली नाही.
ही फरूश्का, नुएमिया म्हणाली, वय नऊ, वजन बारा किलो,
हिच्या म्हातारीला वृद्धाश्रमात नेलं, तिथे कुत्री चालत नाहीत.
आणि मग तिने हिचे सगळे दोषच सांगितले:
झाडूला घाबरते. एक दाढ किडलीय, काढावी लागेल.
गडगडलं की जागीच मुतते.
बाबा म्हणाले, चालेल, न्यायची.
नुएमिया म्हणाली, आज नाही.
आज फक्त फिरवून आणा. गुरुवारी परत या.

गुरुवारी गेले. पुढच्या मंगळवारीही.
मग नुएमिया घरी आली आणि जिना चढली,
धापा टाकत, मोजत.
बाबांनी झाडू आधीच कपाटात कोंडला होता.

अर्जात शेवटची ओळ तीच होती: तुमच्यानंतर कोण?
बाबांनी ती कोरी सोडून कागद माझ्याकडे सरकवला,
खिडकीबाहेर काहीतरी महत्त्वाचं असल्यासारखे बघत.
दीड खोली, पाचवा मजला, पण लिफ्ट आहे,
असं स्वतःशी म्हणत
मी माझं नाव लिहिलं, आडनावासकट.

काल फोनवर विचारलं, चढते का ती?
अर्ध्यात बसते, म्हणाले.
मग?
मग मीही बसतो. खालच्या शेजाऱ्याला वाटतं, आमचं भांडण झालंय.
बावन्न कसल्या, आम्ही सव्वीसच चढतो.
दोनदा.