अगस्ती उगवल्यावर

शुक्रवार, पहाटेचे साडेचार.
गुलजमानची पिकअप रेतीच्या कडेला थांबते
तोवर मी मांडीवरच्या डब्यात खुबूस मळून ठेवलेला असतो,
थोडी हळद, चिमूटभर हिंग.
हिंग कशाला, तो दर वेळी विचारतो.
आमच्याकडच्या मासोळीला वास लागतो, मी सांगतो.
ही कुठं तुमच्याकडची, तो म्हणतो.

हे तळं कुणी खोदलं नाही.
अल ऐन वाढलं, न्हाण्या वाढल्या,
आमच्या प्लान्टमधून निघालेलं पाणी
बागांना पुरून उरलं
आणि या खोलगट रेतीत येऊन बसलं.
मग लव्हाळं आलं. शेकाट्या आल्या, लाल काड्यांच्या पायांवर.
चिलापी कुणी सोडली ते कुणालाच ठाऊक नाही.
मी तिसऱ्या टाकीचा ऑपरेटर.
याचा गढूळपणा, याचा क्लोरीन
रोज रात्री वहीत लिहितो.

दक्षिणेला, डोंगराच्या काळ्या पाठीशेजारी
एकच तारा, खाली, ठळक.
सुहैल, गुलजमान म्हणतो, आता उन्हाळा मेला.
आई त्याला अगस्ती म्हणायची.
तो दिसला की तलावाचं पाणी निवळतं,
मरळ तळाशी जाते,
गरी लांब टाकावी लागते.
मी लांब टाकतो.

सत्तावीस डिग्री, आणि गुलजमाननं मफलर गुंडाळलाय.
ट्राउटचं सांगू का, तो म्हणतो.
सांग.
मद्यनच्या वर नदी अशी की हात बुडवला
तर बोटातली अंगठी सैल होते.
पानं पिवळी पडली की ती उथळ पाण्यात येते,
अंगावर लाल ठिपके,
आणि धरलीस तर सुटेपर्यंत
तुझ्याशी एक शब्द बोलत नाही.
मी हसतो. इथं आली तर शिजूनच वर येईल.
तोही हसतो, पण
दोरीवरचं बोट हलवत नाही.

मग टॉर्चचा उजेड.
बांधावरून कुणी येतंय, बुटांखाली खडे.
माझ्या पिंढऱ्या आपोआप ताठ होतात.
सोसायटीचा ठेका गेला त्या वर्षी
बाबा आपल्याच तलावात रात्रीचे उतरायचे,
छातीपर्यंत पाण्यात, डोक्यावर कमळाचं पान,
आणि मी काठावर, आठ वर्षांचा,
उजेड दिसला की टिटवीसारखं ओरडायचं
एवढंच माझं काम.
ढिवराच्या पोराला पहिलं पोहणं येतं.
मला पहिलं ओरडणं आलं.

घशात आवाज तयार आहे.
पंचेचाळीस वर्षांचा घसा.

टॉर्च जवळ येते. नगरपालिकेचा पहारेकरी,
सुदानी असावा, पांढरी दाढी, अंगात मोठा कोट.
आमच्या बादलीत वाकून पाहतो.
कितना?
अभी कुछ नहीं, गुलजमान म्हणतो.
सब्र, तो म्हणतो, आणि कोटाच्या खिशातून
दोन खजुरा काढून बादलीच्या झाकणावर ठेवतो.
जातो.

बस, एवढंच.
गुलजमान खजूर चावतो, बी पाण्यात थुंकतो.
माझ्या तोंडात ती कितीतरी वेळ
नुसती राहते.

उजाडताना ओढ बसली.
चिलापी, हातभर नाही, वीतभर.
पाठीवरचे काटे उभारून, तोंड रागानं उघडं.
आमच्या बोडीत हिनंच
शिंगूर संपवली, बोटरी संपवली,
म्हातारे तिला नाव देईनात.
आणि इथं पाहा, माझ्याच टाकीच्या पाण्यावर
कशी गुबगुबीत.

गरी काढली. ओठ थोडा फाटला होता.
पाण्यात ठेवली तर जाईना,
माझ्या तळव्याशी टेकून कल्ले हलवत राहिली,
मग शेपटीचा एक फटका, मनगटापर्यंत गार.

सोडलीस? गुलजमान म्हणाला.
सोडली.
अख्ख्या खानदानात
मासा परत पाण्यात सोडणारा मी पहिला.
बाबांनी पाहिलं असतं तर एवढंच विचारलं असतं,
जेवण झालं काय रे तुझं?

झालं, म्हणालो असतो.
अगस्ती मावळला होता की उजेडात बुडाला होता,
पाहिलं नाही.
डब्यात थोडं पीठ उरलं होतं.