आकसण्याची सूट

शाहूपुरीतल्या बोळात मुनाफभाईंचं दुकान.
बाहेर दुरुस्तीच्या पेट्या, आत टांगलेल्या गिटारी,
आणि काचेखाली, तबल्याच्या हातोड्यांशेजारी, तीन डबे:
निळा नवा, काळा नवा,
आणि एक गुलाबी, सांगलीच्या कुण्या पोरानं
कॉलेज सोडताना विकलेला,
एका बटणाच्या जागी स्कूटरचा नट.

माझ्याकडे साडेचार हजार, दोन खिशांत वाटलेले.
डाव्या खिशातले दिसू द्यायचे नाहीत
असं गंगावेशीपासून घोकत आलो होतो.

"डिले पायजे म्हणतोस, पण कशाला ते सांग,"
मुनाफभाईंच्या दातांत वायरचं टोक.
"सूर लांबवायचाय, का रिकामी जागा भरायचीय?"
मी म्हटलं, ऐकून सांगतो.

निळ्यात एक सूर टाकला.
तोच परत आला. तोच. परत तोच.
चौथाही पहिल्याइतकाच ताजा,
इस्त्री करून आणल्यासारखा.
मधे बोट घसरलं, तर ते घसरणंही
चार वेळा, स्वच्छ, दुकानभर.
पेटी घ्यायला आलेल्या बाई वळून बघायला लागल्या.

काळ्याला सोळा तऱ्हा.
तो उलटंही वाजवतो, म्हणाले,
पण त्याचं पुस्तक वाचायला
रंकाळ्यावर अख्खा रविवार बसावं लागंल.

मग गुलाबी. तीनच बटणं:
किती वेळानं, किती वेळा, किती.
सूर गेला
आणि येताना जरा मळून आला.
दुसऱ्या खेपेला कडा झिजलेल्या,
तिसऱ्याला नुसता आकार,
आणि मागं बारीक सूं,
कुणीतरी शेजारच्या खोलीत स्टोव्ह ठेवल्यासारखा.
"ह्यो वरचे सूर खातो," मुनाफभाई म्हणाले, "दरवेळी थोडे थोडे.
जुनी चाल आहे. काही लोकास्नी आवडत न्हाई."

मी उद्यमनगरात पॅटर्न करतो.
सागवानात पंपाचं घर कोरायचं,
ते वाळूत दाबलं जातं, वर लोखंड ओततात,
आणि निवताना लोखंड आकसतं.
म्हणून लाकूड आधीच मोठं ठेवायचं, शंभराला एक.
अण्णांनी पहिल्या दिवशी पट्टी हातात देऊन सांगितलं होतं,
परत येणारी वस्तू लहान होऊन येते,
सूट धरायला विसरू नको.

फौंड्रीनं त्यांचे कानही असेच वरून खात आणले.
आधी सायकलची घंटी गेली. मग कुकर.
मग माझ्या भाचीचं बोलणं; ती समोर हातवारे करते
आणि हे मान डोलावतात, चुकीच्या जागी.

तीन हजार दोनशेला तुटलं.
डावा खिसा शाबूत.
"अडॅप्टर उलटा लावशील तर डबा जळंल,
मग माझ्याकडं रडत येऊ नको," एवढीच गॅरंटी.

रात्री अँप खाटेच्या पायाशी ठेवला, आवाज बारीक.
अण्णा आले, काही न विचारता
त्याच्या लाकडावर तळवा टेकून बसले,
साच्याची ऊब बघतात तसे.
मी एकच तार छेडली, जाड.
ते थांबले. बोटं थोडी हलली.
"तीन," म्हणाले, गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

मी पाच मोजले होते.

पुन्हा छेडली. पुन्हा, "तीन."
मी वाकून मधलं बटण जरा मागं घेतलं,
अजून जरा.
आता मलाही तीनच.

ते मात्र त्या नटाकडे बघत होते.
"हे काय बसवलंय? काढ ते.
उद्या सागवानाचं बटण वळून देतो.
मापात. ह्याला सूट लागत नाही."