वठलेली बाजू

मनामा. शुक्रवार, दुपारचे दोन.
लॅब बंद. खाली गल्लीत फक्त मांजरं
आणि एसीचं ठिबकणारं पाणी.
मी हँडपीसला गोल बर लावते,
काल हिनेच हाजी याकूबच्या कवळीचा
टाळू घासला होता,
आणि मेपल पुढ्यात ओढते.

उंची एक वीत. वय बारा.
थंडी लागते म्हणून डिसेंबर-जानेवारी
ते फ्रिजमध्ये असतं, खालचा कप्पा काढून.
सोसम्मा म्हणते, तुझं लेकरू
माझ्या सुरमईशेजारी झोपतं.

गेल्या ऑगस्टात मी गावी होते, चौदा दिवस,
हक्कसोडपत्रावर सही करायला.
काजूची बाग, विहिरीतला वाटा.
भावाने स्टॅम्पपेपर आधीच आणून ठेवलेला,
वहिनीने पुरण घातलेलं.
तुला तिकडे काय कमी, असं कुणीच म्हणालं नाही.
चहात साखर बरोबर आहे ना,
एवढंच विचारत राहिले.

त्याच आठवड्यात इथला एसी बंद पडला.
पश्चिमेची काच, सत्तेचाळीस अंश.
परतले तर एका अंगाची पानं
पापडासारखी कुरकुरीत,
दुसऱ्या अंगाची हिरवी,
त्यांना कुणी कळवलंच नसावं अशी.

वर्षभर हात लावला नाही.

मेपलचं लाकूड मऊ.
जुनिपरसारखं पांढरं हाड होऊन ते टिकत नाही,
कुजतं.
कोरायचंच तर ढोली कोरायची,
तळाला उतार ठेवून, पाणी साचणार नाही असा,
पावसाने, मुंग्यांनी, एखाद्या पोपटाने
सावकाश दिला असता तसा.
माझ्याकडे एक दुपार आहे.

भुसा उडतो. ॲक्रिलिकच्या धुळीला वास नसतो,
याला आहे, ओल्या काडेपेटीचा.
रेघ सरळ आली की मी ती मोडते.
हत्यार दिसता कामा नये.
कवळीचंही तेच: हिरडीवर मुद्दाम
बारीक ठिपके उठवावे लागतात,
गुळगुळीत हिरडी लगेच पकडली जाते.

मग बरचा आवाज जाड होतो.
धूळ उडायची थांबते, चिकटायला लागते.
अंगठ्याला ओल.
हात उचलते.

मेलेलं कुठवर, हे सकाळी पेन्सिलने आखलं होतं.
ओल त्या रेघेच्या दोन बोटं अलीकडेच लागली.
म्हणजे आखतानाच मी
जास्त सोडून दिलं होतं.

सोसम्मा उठून येते, केस बांधत.
भोकात डोकावते. इथे कोण राहणार?
सातव्या मजल्यावर? मुंगीसुद्धा नाही.
मग कशाला केलंस, म्हणते,
आणि उत्तराची वाट न पाहता
झाडू आणायला जाते.

मी फुंकर मारून ढोली साफ करते.
पेन्सिलची रेघ ओल्या फडक्याने पुसते.
बरीचशी जाते.
सालीच्या खाचांत थोडी राहते.