किमान वेग

खैरानी रोडवर पत्र्याची शेड. बूथचा पंखा सुटला
की समोरच्या इस्त्रीवाल्याचे शर्ट हलतात.
गावंडशेठ म्हणाले, रेग्युलेटर बसव,
घरच्या पंख्याला असतो तसा. बिल बघितलंस?

शाकीर पेंटरचं वेगळंच:
"हवा रंग पळवते. बोनेटवर पोचायच्या आत सुकतो,
हात फिरवला की खरखर."

खिशातला रेग्युलेटर मी खिशातच ठेवला.
आत थिनर आहे. थिनर काडी मागत नाही,
बटणातली ठिणगी पुरते.

ड्राइव्ह भिंतीपलीकडे, बाहेर.
केबलच्या भोकात सील.
ज्वालारोधक मोटर ड्राइव्हवर चालवायला मान्य आहे का,
पाटी पुसून तीनदा वाचलं,
पाटीवरही मारुतीचा चंदेरी बसलेला.

मग जाळीसमोर हवा मोजत
एकेक आकडा खाली.
एका आकड्याशी थांबलो, तिथे कुलूप.
त्याखाली पंखा गेला तर गनची हवा तुटते.

"म्हणजे काम बंद?" शेठ.
काम बंद, शेठ. शाकीर चालू.

नकाशा, रीडिंग, माझी सही
इन्स्पेक्टरच्या टेबलावर.
मंजुरी येईपर्यंत स्विचला लाल टॅग,
रोज सकाळी शेठ त्याला बोट लावून बघतात,
सुकलाय का म्हणून.

काल मंजुरी आली. पहिला दरवाजा मारून
शाकीर मास्क काढून खुशीत म्हणाला,
"वास अजिबात येत नाही, वायरमन!"

मी मीटरकडे बघितलं, आकडा बरोबर होता.
पण अठरा वर्षं झाली,
त्याला घरच्या पुलावचाही येत नाही.