गेटवरचा डज

घणसोली गाव, समाजमंदिराचा वरचा मजला,
मंगळवार-शुक्रवार, चार ते साडेपाच.
खाली बचत गटाच्या पापडांचा वास,
वर आम्ही अकराजणी आणि एक लिंगाप्पा,
जो मार्केटात लसणाच्या गोणी उचलतो
आणि पहिल्याच दिवशी सांगून मोकळा झाला,
मला पाट्या वाचता आल्या तरी पुरे.

परकार मॅडम फळ्यावर लिहितात: ही वर्क्स.
तो काम करतो.
आता विचारा बघू, तो काम करतो का?

आम्ही सगळ्या एका सुरात: ही वर्क्स का?

मॅडम हसत नाहीत. हे त्यांचं मला आवडतं.
म्हणतात, मराठीत शेवटी का लावला की झालं,
तोही नको, नुसता आवाज चढवला तरी समोरच्याला कळतं.
इंग्रजीत प्रश्नाच्या तोंडाशी
कुणाला तरी उभं करावं लागतं.
आय, यू, वुई, दे असले तर डू.
ही, शी, इट असले तर डज.
आणि डज आला की वर्क्सचा एस काढून घ्यायचा.

का काढून घ्यायचा? कुंदा मढवीने विचारलं.
मॅडम थांबल्या.
पुस्तकात नियम होता, कारण नव्हतं.

मला माहीत होतं.
महापेला काचेच्या बिल्डिंगीत नऊ वर्षं गेटवर आहे मी,
रात्री आठ ते सकाळी आठ.
बाहेरचा माणूस आला की ओळखपत्र ठेवून घ्यायचं,
गळ्यात पाहुण्याचा बिल्ला, मग आत.
निघताना ज्याचं त्याला परत.
म्हटलं, मॅडम, डज गेटवर आहे.
वर्क्सने त्याच्याकडे एस जमा केला
आणि नुसता वर्क होऊन आत गेला.
उत्तर देऊन बाहेर पडतो तेव्हा
एस परत मिळतो: येस, ही वर्क्स.

लिंगाप्पाने टाळी वाजवली.
मॅडमनी फळ्याच्या कोपऱ्यात एक छोटं गेट काढलं.
शुक्रवारपर्यंत ते कुणी पुसलं नाही.

मग घरी सराव.
डज ही स्नोर? येस, ही स्नोर्स.
डज द वॉटर कम? नो.
सासूबाई म्हणाल्या, काय गो, कोणाशी भांडतेस?

गेटवरही केला एकदा.
टायवाल्या एकाला विचारलं, हूम डू यू वॉन्ट टु मीट?
केणी साहेबांकडे जायचंय मावशी, तो म्हणाला.
तीन दिवस पाठ केलेलं वाक्य. वाया.

मॅडम सांगतात, नावावर जाऊ नका,
हा साधा वर्तमानकाळ आत्ताचा नाही,
रोजचा आहे.
सूर्य उगवतो. दूध उतू जातं. बाई नोकरी करते.
आज, आत्ता, एकदाच, असलं त्यात काही बसत नाही.

चौथ्या मजल्यावरचा अरुलमणी
रात्री दीडला खाली येतो,
पाठीवर सॅक, कानात वायर, डोळे लाल.
त्याला मराठी नाही, मला तमिळ नाही.
सहा महिने मी त्याला बघून फक्त दांडा वर करते.
विचारायचं एकच असतं: जेवलास का?

मॅडमना विचारलं, हे कसं म्हणायचं?
त्या म्हणाल्या, तो भूतकाळ.
दिवाळीनंतर घेऊ.

तोवर पोराला ताटकळत ठेवायचं?
काल हातातला दांडा तसाच धरला,
जो काळ माझ्याकडे होता त्यातच विचारलं:
डू यू ईट?

तो थबकला. मला वाटलं, चुकलं.
त्याने कानातली वायर काढली,
वर काचेकडे बघितलं, जिथे त्याचा दिवा अजून चालू होता.
रोजच्या काळात प्रश्न आला
की रोजचा हिशेब करावा लागतो,
तो त्याने प्रामाणिकपणे केला
आणि म्हणाला, समटाइम्स.

हा शब्द आमचा अजून झालेला नाही.
मी दांडा खाली ठेवला
आणि डबा उघडला.